थोडक्या जागेंतील न्हाणी



तेरणा नदीच्या कांठचें तेर हें गांव फार जुनें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव ‘तगर’ असें आलें आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें मोठें शहर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जातें, असें त्यांत नमूद आहे. तेव्हांचे लोक शरीराच्या स्वच्छतेविषयीं उदासीन नव्हते. सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत अंग घासण्याच्या भाजक्या मातीच्या वज्र्या सांपडतात, त्या याची साक्ष देतात. स्नानाची आवड जुनी आहे. नवी आहे ती स्नानाच्या जागेची अडचण. घर बांधतांना देवघराचा विचार होतो, स्वयंपाकघराचा होतो, बैठकीचा तर सर्वांच्या आधीं होतो. आणि सर्व खोल्या आंखून झाल्यावर जो कोपरा उरेल तो न्हाणीच्या वांट्यास येतो. त्या कोपऱ्याची व्यवस्था कशी लावावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठवाड्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत न्हाणी बहुधा परसांत किंवा घराच्या मागल्या कोपऱ्यांत असे. एक मोठी फरशी, तिच्याभोंवतीं बेताचा आडोसा आणि शेजारीं चुलवणावर पाण्याचा हंडा, एवढाच तिचा थाट. तथापि त्या न्हाणीस एक मोठें साह्य होतें, तें जाड भिंतीचें. दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट रुंद असे आणि तींत कोनाडे ठेवलेले असत. तेलाची वाटी, शिकेकाई, वज्री, दिवा, सारें भिंतीच्या पोटांत राही आणि जमीन मोकळी राही.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत त्याच जाड भिंतींखालीं आणि माळवदाच्या भाराखालीं हजारों माणसें दडपलीं गेलीं. त्यानंतर लोकांनीं विटा, सिमेंट व लोखंड यांचीं घरें पसंत केलीं, हें योग्यच झालें. परंतु भिंत नऊ इंचांची, कोठें साडेचार इंचांची झाली, आणि तिच्याबरोबर कोनाडाहि गेला. जी वस्तु भिंतींत राहत होती ती जमिनीवर उतरली. नव्या न्हाणीच्या अडचणीचें मूळ पुष्कळ अंशीं येथें आहे.

तेरसारख्या गांवांतील एखाद्या सहा माणसांच्या घरची न्हाणी डोळ्यांपुढें आणावी. लांबी ५ फूट, रुंदी ४ फूट. म्हणजे जमीन २० चौरस फूट. तींत २०० लिटरचें एक पिंप उभें असतें. त्याचा व्यास सुमारें २ फूट, म्हणजे कोपऱ्यांतील ४ चौरस फूट त्यानें अडविले. दार सव्वादोन फूट रुंद व आंत उघडणारें. त्याच्या फिरण्यास आणखी ४ चौरस फूट लागतात. भिजविलेल्या धुण्याची बादली, दुसरी रिकामी बादली, पाट आणि केरसुणी मिळून ३ चौरस फूट घेतात. उरलेल्या ९ चौरस फुटांत माणसानें बसावें, उठावें, अंग पुसावें आणि वस्त्र बदलावें.

तरुण मनुष्य हें कसेंबसें साधतो. परंतु त्याच घरांत सत्तरी उलटलेल्या आजीबाई असतात. एका हातानें पिंपाचा कांठ आणि दुसऱ्या हातानें दाराची कडी धरून त्या उठतात. साबणाच्या पाण्यावर पाय सरकला तर खुब्याचें हाड मोडण्याची भीति, आणि त्या वयांत मोडलेलें हाड माणसास महिनोंमहिने अंथरुणास खिळवितें. म्हणून त्या सुनेस हांक मारतात, किंवा दार उघडें ठेवून स्नान करतात, किंवा ‘आज थंडी आहे’ असें म्हणून स्नानच टाळतात. ही थंडीची सबब घरांतील माणसांनीं ओळखली पाहिजे. घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाला दार लावून, कोणास हांक न मारतां, निर्भयपणें स्नान करतां येतें काय, हीच न्हाणीच्या व्यवस्थेची खरी कसोटी आहे. फरशी महाग आहे कीं स्वस्त, हा प्रश्न नंतरचा.

या कसोटीवरून एकच नियम निघतो: न्हाणीची जमीन माणसाची आणि वाहत्या पाण्याची, तिसऱ्या कोणाचा तिच्यावर हक्क नाहीं. इतर प्रत्येक वस्तूनें बाहेर जावें, भिंतीवर जावें किंवा डोक्याच्या वर जावें.

प्रथम पिंपाकडे पहावें. धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. जेथें नळाचें पाणी रोज येण्याची शाश्वति नाहीं तेथें पाणी सांठविल्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु सांठा न्हाणींतच पाहिजे, असें कोठें आहे? न्हाणीच्या बाहेरच्या बाजूस, भिंतीला लागून, कमरेएवढ्या उंचीचा पक्का ओटा बांधावा. त्यावर झांकणाचें पिंप ठेवावें आणि भिंतींतून नळी काढून आंत तोटी बसवावी. पाणी तेंच, परंतु आंतील ४ चौरस फूट मोकळे झाले. शिवाय वांकून तांब्या बुडविण्याचे कष्ट वांचले. मात्र २०० लिटर पाण्याचें वजन २०० किलो होतें, हें विसरून तें पिंप लांकडी फळीवर चढवूं नये. पिंपाचें झांकण घट्ट असावें आणि आठवड्यांतून एकदां तें रिकामें करून घासावें, म्हणजे डांसांच्या अळ्या वाढत नाहींत.

दुसरी गोष्ट दाराची. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असें केलें कीं आणखी ४ चौरस फूट हातीं येतात. यांत जागेहूनहि मोठा एक लाभ आहे. आंतील मनुष्य घेरी येऊन दाराशीं पडला तर आंत उघडणारें दार त्याच्या शरीराला अडतें आणि बाहेरच्यांचा इलाज खुंटतो. बाहेर उघडणाऱ्या दाराला हा अडथळा नाहीं. कडी तेवढी हलकी, बाहेरून नाण्यानें फिरवितां येईल अशी असावी.

तिसरी गोष्ट भिंतीची. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात अशी त्यांची ख्याति आहे. त्या विटा हलक्या, कारण त्यांच्या पोटांत बारीक पोकळ्या आहेत. भिंतीच्या पोटांतील पोकळीहि अशीच गुणाची असते. नवें घर बांधतांना नऊ इंची भिंतींत चार इंच खोलीचा कोनाडा ठेवावयास गवंड्यास सांगितलें तर त्यांत साबण, तेल, दंतमंजन व दाढीचें सामान सुखानें राहतें. त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस किंचित् उतार असावा, नाहींतर साबण पाण्यांत विरघळत राहतो. भिंत आधींच उभी असेल तर मात्र ती छिन्नीनें कोरूं नये. ती दुबळी होते. तेथें कोपऱ्यांत शहाबादी किंवा कडप्प्याचा त्रिकोणी तुकडा बसवावा. कोपऱ्यांतील जागा माणसाच्या खांद्याला लागत नाहीं, म्हणून ती फळीसाठीं सर्वांत उत्तम.

भिंतीचे उंचीप्रमाणें तीन भाग कल्पावे. गुडघ्याखालीं कांहींच ठेवूं नये. तेथें पाण्याचे शिंतोडे उडतात. बसलेल्या माणसाच्या हाताशीं साबण आणि तांब्या असावा. उभ्या माणसाच्या खांद्यापाशीं खुंट्यांची एक ओळ असावी. घरांतील प्रत्येकाची एक खुंटी, आणि तिच्यावर त्याचाच पंचा. एका खुंटीवर चार ओले पंचे टांगले तर एकहि वाळत नाहीं आणि एकाची खरूज सर्वांस होते. पाटालाहि भोंक पाडून तो खुंटीवर टांगावा. रिकाम्या बादल्या एकींत एक घालून ठेवाव्या. दारावरील पट्टींत एक फळी टाकली कीं साबणाच्या जादा वड्या व क्वचित् लागणाऱ्या वस्तु तिच्यावर जातात. फरशी धुण्याचें ॲसिड मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर ठेवावें, आणि तें ब्लीचिंग पावडरमध्यें कधींहि मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो व कोंदट न्हाणींत तो घातक ठरतो.

जमीन मोकळी झाल्यावर आजीबाईंसाठीं दोन वस्तु आंत आणाव्या. एक, बसलेल्या माणसाला धरून उठतां येईल असा लोखंडी दांडा. तो भिंतींत सिमेंटनें पक्का रोवलेला असावा, खिळ्यावर लटकलेला नसावा. दुसरी, रुंद पायांचा न डगमगणारा चौरंग. पाटावरून उठतांना गुडघ्यांस जे श्रम पडतात ते चौरंगावरून पडत नाहींत. फरशी गुळगुळीत घेऊं नये. खरखरीत फरशी दिसण्यांत साधी, परंतु पायाला इमानी.

पाणी तापविण्याचें साधन शक्य तों बाहेरच ठेवावें. जुन्या लोकांनीं बंब व चुलवण न्हाणीबाहेर ठेवलें तें धुरासाठीं. हल्लींच्या गॅस गिझरचा धूर दिसत नाहीं, म्हणून तो अधिक फसवा. बंद न्हाणींत हवा अपुरी पडली कीं त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायु होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणूस न कळत बेशुद्ध होतो. अशा अपघातांत प्राणहानि झालेली आहे. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आंत आणावी. न्हाणीच्या भिंतीला वरच्या बाजूस झरोका असावा आणि तो थंडीच्या दिवसांतहि बुजवूं नये.

आतां सांडपाणी. फरशीला ४ फुटांस १ इंच एवढा उतार मोरीच्या तोंडाकडे असावा. तेथें जी वांकडी नळी बसवितात तिला नळकामाचे कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणी हा घरगुती शब्द कारखान्याच्या मालालाहि चिकटला आहे. तिच्या वळणांत दोन इंच पाणी सदैव राहतें आणि गटाराची दुर्गंधि व झुरळें अडवितें. जाळीवरचे केंस रोजच्या रोज काढावे. पाणी रस्त्यावर न सोडतां केळी-अळूच्या वाफ्यास द्यावें, अथवा शोषखड्ड्यांत जिरवावें. काळ्या चिकण मातींत पाणी लवकर मुरत नाहीं, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा आणि विहिरीपासून दूर घ्यावा.

शेवटची व्यवस्था वेळेची. सहा माणसें एकाच घटकेस न्हाणीपुढें उभीं राहिलीं तर मोठी न्हाणीहि लहानच. शाळेचीं मुलें आधीं, शेतावर वा कामावर जाणारीं नंतर; आणि घर शांत झालें, ऊन वर आलें, फरशी पुसून कोरडी झाली, म्हणजे आजीबाई. त्यांना घाई नको. धुणें न्हाणींत भिजत न ठेवतां परसांतील दगडावर न्यावें. स्नान करून निघणाऱ्यानें फरशीवरचें पाणी लोटून, तांब्या पालथा घालून बाहेर यावें. हा नियम घरच्या कर्त्या पुरुषानें प्रथम पाळावा. मग तो मुलांना शिकवावा लागत नाहीं.

तेर हें संत गोरोबाकाकांचें गांव. कुंभाराच्या हातांतील थापटण्यानें मडकें कच्चें कीं पक्कें तें कळतें, आणि गोरोबांनीं संतांचीहि तशीच पारख केली, अशी कथा घरोघर सांगतात. न्हाणीची पारख करण्यासहि फार खटपट नको. एक तांब्या पाणी फरशीवर ओतावें. तें कोठें न अडतां, कशाच्या तळाशीं न शिरतां, मोरीपर्यंत सरळ गेलें तर जमीन मोकळी आहे. आणि थोड्या वेळानें आंतून आजीबाईंनीं कडी लावल्याचा आवाज आला, व मागून कोणास मारलेली हांक ऐकूं आली नाहीं, तर न्हाणी पक्की आहे असें खुशाल समजावें.