रानातली शिशाची गोळी

(मंडळाच्या सहलीत केलेल्या छोट्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या व्हर्जिनियातल्या रानात, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, मुलांच्या हाती कधी कधी एखादी पांढुरकी, जडशी गोळी लागते. "बाबा, ही सिव्हिल वॉरची का?" हा प्रश्न मग ठरलेलाच. तर ती ओळखायची कशी, ते थोडक्यात सांगतो.

पहिली खूण रंगाची. शिसं मातीत वर्षानुवर्षं राहिलं की त्यावर पांढरट थर चढतो. तांब्याचं आवरण असेल, तर गोळी त्या युद्धातली नव्हे. तशी आवरणं १८८०च्या दशकापासून आली.

दुसरी खूण आकाराची. टोकाला निमुळती, बुडाशी पोकळ आणि अंगावर तीन वळी असतील, तर ती 'मिनी बॉल'. मिनी हे एका फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव, 'छोटी' या अर्थी नव्हे! व्यास साधारण साडेचौदा मिलिमीटर. बार उडाला की पोकळ बूड फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे. म्हणून झाडलेल्या गोळीवर आट्यांचे ठसे दिसतात, नुसत्याच पडलेल्या गोळीवर नाही.

वळी नसलेली गुळगुळीत गोळी बरेचदा १८५३च्या एन्फिल्ड रायफलची असते. ज्या रायफलच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्याकडे भडका उडाला, तीच इंग्लंडहून लाखोंनी इथे आली आणि दोन्ही सैन्यांनी वापरली!

पण मंडळी, गोळी कुठे पडली होती, यातच तिची अर्धी गोष्ट असते. मोंटानात लिटल बिगहॉर्नला १९८३ साली वणवा लागला. पुढच्या वर्षी संशोधकांनी एकेक गोळी, एकेक पुंगळी जागेसकट नोंदली आणि १८७६च्या लढाईत कोण कुठून कुठे सरकलं, ते बरंचसं उलगडलं. खिशात घातलेली गोळी हे सांगू शकत नाही. १८६४च्या वाइल्डरनेससारख्या रणभूमीच्या नॅशनल पार्कमध्ये तर ती उचलणं गुन्हाच आहे. शेजारी क्वार्टर ठेवून फोटो काढा, जागा टिपा, रेंजरला कळवा. खासगी रान असेल तर मालकाला विचारा.

आणि लोखंडी तोफगोळा दिसला, तर हातसुद्धा लावू नका. लांब व्हा, ९११ फिरवा. २००८ साली ह्याच व्हर्जिनियात सिव्हिल वॉरचा गोळा फुटून एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला.

शेवटचं, शिसं विषारी असतं. गोळी हाताळली असेल तर डबे उघडण्याआधी मुलांचे हात साबणाने धुवा.