करार नाकारला, पुढे काय?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



दिनांक 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉक येथे भारताने 'आरसेप' या सोळा देशांच्या नियोजित व्यापार करारातून माघार घेतली. उरलेल्या पंधरा देशांनी 15 नोव्हेंबर 2020 रोजी सह्या केल्या. आपण बाहेर पडलो ते बरे झाले की वाईट, हा वाद अजून संपलेला नाही.

ज्यांच्या गोठ्यात दोन-चार जनावरे आहेत, त्यांना दिलासा मिळाला. न्यूझीलंडची दूध पावडर शुल्काविना आली असती, तर संकलन केंद्रावरील आपला दर पडण्याची भीती होती. परंतु आपला भंडारा जिल्हा धानाचा. तांदळाला परदेशी गिऱ्हाईक हवेच. आसियान देशांशी 2010 पासूनचा करार चालू आहे, म्हणून सर्व दारे बंद झाली नाहीत.

दार आतूनही बंद होते, हेही लक्षात घ्या. 20 जुलै 2023 रोजी आपल्याच सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली. ती सप्टेंबर 2024 मध्ये खुली झाली.

करार आपल्या हाती नाहीत. उत्पादन खर्च आहे. नांगरणी, रोवणी, कापणीचा खर्च वहीत लिहा. धान 17 टक्क्यांच्या आत ओलावा राहील असे वाळवूनच विक्रीस न्या. धुऱ्यावर हिरवा चारा लावून पेंडीचा खर्च वाचवा. क्विंटलमागे व लिटरमागे खर्च किती, हे ज्याला ठाऊक, तोच पडत्या भावात तग धरील.