हसवणारा आवाज



आज आम्ही तुम्हाला एका नटाची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचे नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. सारा महाराष्ट्र त्यांना 'पु. ल.' म्हणतो.

त्यांचा जन्म १९१९ साली मुंबईत झाला. वडील गेले, तसा घरचा भार अंगावर आला. त्यांनी कारकुनी केली, मास्तरकी केली. पण गळ्यात गाणे होते आणि पेटीवर बोटे चालत. पुढे ते सिनेमात गेले.

१९५३ साली 'गुळाचा गणपती' हा सिनेमा आला. त्यात नायक तेच. कथा त्यांची, संगीत त्यांचे आणि दिग्दर्शनही त्यांचेच. म्हणजे पेरणी एकट्याची आणि मळणीही एकट्याचीच! साध्याभोळ्या नायकाला पाहून लोक पोट धरून हसले.

पण पडद्यावर नाव झाले म्हणून ते तिथेच बसून राहिले नाहीत. १९५५ साली ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रात नोकरीला लागले. रेडिओत तोंड दिसत नाही. तिथे रंगरंगोटी कामाची नाही. म्हातारा असो की पोर, आवाजातूनच उभा करावा लागतो. आणि ऐकणाऱ्याला अक्षर येत नसले तरी काही अडत नाही. आपल्याकडेही पूर्वी चावडीवरच्या रेडिओभोवती माणसे अशीच जमत.

१९६१ साली त्यांनी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली. चाळ म्हणजे एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे. त्या साऱ्या बिऱ्हाडांतली माणसे पु. ल. एकटेच उभी करत.

अशा कामातून पैसा आला. त्याचे त्यांनी काय केले? त्यांनी आणि पत्नी सुनीताबाईंनी त्यातला बराच पैसा चांगल्या कामांना दिला. दारूपायी घर कसे बसते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी व्यसन सोडवणारे 'मुक्तांगण' केंद्र सुरू केले. त्यासाठी या जोडप्याने १ लाख रुपये दिले. आपल्या वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. तिथल्या कुष्ठरोगी भावंडांनाही भेटायला ते वारंवार येत.

हसवून कमावले आणि रडणाऱ्यांचे डोळे पुसायला दिले. आम्हाला या माणसाचे मोठेपण यातच वाटते.

१२ जून २००० रोजी पु. ल. गेले. त्यांचा आवाज मात्र आजही ऐकता येतो. तो ऐकायला अक्षरओळख लागत नाही. पण त्यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक वाचायला लागते. ती आता तुमच्यापाशी आहे. वाचनालयातून ते पुस्तक मागून आणा. रोज एक पान वाचा. अडले तर थांबा, पुन्हा वाचा. आणि मोठ्याने वाचा, म्हणजे घरचेही हसतील.