जोड गार होताना
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलं आहे की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. नातवंडं आणि गुडघे हे विषय चहाच्या वेळी. माझं काम पाईपांचं वेल्डिंग तपासण्याचं. कांदिवलीहून दादर, दादरहून कुर्ला आणि पुढे हार्बरने चेंबूर, अशी माझी सुरुवात माहुलच्या रिफायनऱ्यांच्या परिसरात झाली. नंतर जिथे प्रकल्प तिथे मुक्काम.

वेल्डिंगच्या ठिणग्या आपल्याला नव्या नाहीत. आकुर्ली रोडला महिंद्राचा कारखाना, चारकोपला औद्योगिक वसाहत. शिवाय खिडकीची जाळी बसवणारा माणूस तर प्रत्येकाने पाहिलाय. ठिणग्या उडाल्या, जोड झाला, रंग मारला, पैसे घेतले. त्यामुळे मला घरीदारी हमखास एक प्रश्न येतो: एकदा जोडलेला पाईप तुम्ही पुन्हा तापवत का बसता?

कोयता करणारा लोहार आठवा. लालबुंद पातं तो पाण्यात बुडवतो, त्याला पाणी पाजतो. पातं कडक होतं, धार टिकते. पण फार कडक झालं तर दगडावर आपटताच तुकडा उडतो. आता तीस-चाळीस मिलिमीटर जाडीचा पोलादी पाईप घ्या. वेल्डिंगचा रस पडतो तेवढीच रेघ वितळलेली, आजूबाजूचं सगळं लोखंड थंड. ते थंड लोखंड त्या रेघेची उष्णता झटक्यात ओढून घेतं. म्हणजे पाण्याचा थेंबही न लागता जाड पाईप स्वतःच जोडाला पाणी पाजतो. जोडाच्या कडेची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. पातळ जाळीत हे फारसं घडत नाही, कारण तिथे उष्णता ओढून घ्यायला तेवढं लोखंडच नसतं.

दुसरी गोष्ट आपण शाळेतच शिकलो होतो. रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात? गार होताना जोड आकसू पाहतो आणि बाजूचं जाड लोखंड त्याला आकसू देत नाही. हिशेब सोपा आहे. पोलादाला आकसू दिलं नाही, तर दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल ताण साठतो. पाईपाचं साधं पोलाद २४० च्या आसपास हार मानतं. म्हणजे अवघ्या शंभर अंशांत मर्यादा गाठली, आणि जोड तर हजाराच्या वरून खाली येतो. पाईपात तेल सोडायच्या आधीच जोड आतून पूर्ण ताणलेला असतो.

तिसरा पाहुणा हायड्रोजन. तो ओलाव्यातून येतो, आणि जुलैतल्या मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. म्हणून सत्तर-अठरा जातीचे रॉड आधी मोठ्या ओव्हनमध्ये तीनशे-साडेतीनशे अंशांना भाजतात आणि वेल्डर ते छोट्या ओव्हनमधून हातात घेऊन फिरतो. वडापाव गरम ठेवावा तशी ही काळजी. ओला रॉड वापरला तर जोड आज निर्दोष दिसतो आणि परवा तडकतो. तपासणीची घाई करणाऱ्यांना हे पटवताना माझं बरंच आयुष्य गेलं.

उपाय दोन. वेल्डिंगच्या आधी पाईप तापवायचा, म्हणजे जोड सावकाश गार होतो आणि हायड्रोजनला निघून जायला वेळ मिळतो. पुरेसा तापलाय का, हे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने रेघ ओढून बघतात. (खडू माझ्या हातून सुटला नाही, बाई.) आणि वेल्डिंगनंतर जोडाभोवती विजेच्या तापपट्ट्या गुंडाळून, वरून लोकरीसारखं सिरॅमिकचं पांघरूण घालून त्याला सहाशे अंशांच्या आसपास न्यायचं, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास या हिशेबाने तिथे ठेवायचं, आणि पांघरूण न काढता हळूहळू उतरवायचं. त्या तापमानाला पोलाद नरम पडतं आणि साठलेला ताण धरून ठेवू शकत नाही. साइटवर याला एस.आर. म्हणतात, ताणमुक्ती.

यात बारकावे पुष्कळ. आडव्या पाईपात आतली गरम हवा वर जाते, त्यामुळे वरची बाजू सहाशेवर पोहोचली तरी खालची मागे राहते. तापमान मोजणारी तार खालीही लावावी लागते. पाईपाची टोकं उघडी ठेवली तर आतून वारा वाहतो. खाली टेकू नसेल तर नरम पडलेला पाईप स्वतःच्याच वजनाने वाकतो.

पूर्वी नियम सरळ होता. अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बी ३१.३ नावाची संहिता आमच्याकडेही चालते. तिच्यानुसार साध्या पोलादाचा पाईप सुमारे १९ मिलिमीटरपेक्षा जाड असला की एस.आर. सक्तीचं. २०१४ च्या आवृत्तीत ही सक्ती उठली. जाडी कितीही असो, २५ मिलिमीटरच्या वर ९५ अंशांचं आधीचं तापवणं आणि अनेक थरांत वेल्डिंग, एवढं केलं की नंतरचं नको. मला हा बदल योग्य वाटतो. पण साइटवर नियम नेहमी अर्धाच पोहोचतो. "एस.आर. गेलं" एवढं सगळ्यांनी ऐकलं; ९५ अंशांची अट कुणाच्या लक्षात राहिली नाही. आणि बॉयलरच्या वाफेचे पाईप असतील तर भारतीय बॉयलर नियम पाहावे लागतात, तिथे ही सूट दाखवून भागत नाही.

त्याहून मोठी गल्लत मी एका प्रकल्पावर पाहिली. नाव घेत नाही, मुंबईबाहेरचा होता. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढून टाकणाऱ्या अमाइन द्रावणाचे सहा इंची पाईप, जाडी जेमतेम ११ मिलिमीटर. लाइनच्या यादीतल्या एस.आर.च्या रकान्यात "होय" होतं, ते कुणीतरी "नाही" केलेलं. व्यवस्थापक मला म्हणाले, "साहेब, नवा कोड वाचला नाही का? तिथे चाळीसलाही लागत नाही, तुम्ही अकराला मागताय."

मी त्यांना रोमिओव्हिलची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली रिफायनरी, २३ जुलै १९८४. अमाइनच्याच मनोऱ्याचा एक पट्टा १९७४ साली बदलला होता. पत्रा २५ मिलिमीटरचा, जागेवरच वेल्ड केला, नंतर ताणमुक्ती केली नाही. त्या जोडाच्या कडक कडेला बारीक भेगा पडल्या आणि प्रक्रियेतल्या हायड्रोजनने त्या दहा वर्षं वाढवल्या. त्या दिवशी गळती दिसली, कंपनीचं अग्निशमन दल धावलं, आणि मनोरा फुटला. वरचा भाग सुमारे किलोमीटरभर दूर जाऊन पडला. १७ माणसं गेली, त्यांत आग विझवायला आलेले जवानही होते.

कोडमधली सूट जाडीपुरती आहे. पाईपातून काय वाहणार, हे ठरवणं कोड मालकावर आणि डिझाइन करणाऱ्यावर सोडतो. अमाइन किंवा गरम कॉस्टिक असेल, तर पातळ पाईपालाही ताणमुक्ती लागते, कारण तिथे ताण आणि द्रावण मिळून लोखंड चिरतात. व्यवस्थापक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस जातील?" मी म्हटलं, अकरा.

रकाना पुन्हा "होय" झाला. त्रेचाळीस जोड, ६३५ अंश, प्रत्येकी एक तास. कंत्राटदाराने तापमानाचे चार्ट आणून दिले, तेव्हा दोन चार्टांवरची रेघ हुबेहूब एक होती; वीज गेल्याची खाचसुद्धा त्याच मिनिटाला. त्या दोन्ही जोडांवर पांघरूण पुन्हा चढलं, आणि त्या रात्री मी खुर्ची टाकून शेजारीच बसलो. सकाळी कडकपणा मोजला, मर्यादेत आला, तेव्हा सही केली.

घरच्या गॅसच्या पाईपाला हे काही लागत नाही, तेव्हा त्याबद्दल विचारू नका. बाकी प्रश्न चहाच्या वेळी.