मोटारीचा अल्टरनेटर आणि मी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे ते 'घरातील दुरुस्ती' या विषयावर. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गेल्या वर्षी याच ठिकाणी लोणच्यावर बोलले होते, तेव्हाही घाम फुटला होता. आज तर मोटारीवर बोलायचे आहे. चुकले माकले सांभाळून घ्या.

आमची गाडी भाड्याची, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. यजमानांचा उजवा हात मोडून प्लास्टरमध्ये गेल्यापासून ती पुतण्या चालवीत होता. एका शुक्रवारी आम्ही बायका औशाहून परत येत होतो. अंधार पडला आणि गाडीचे दिवे समईसारखे पिवळे पडत चालले. समोर बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा मात्र छान उजळ होता! घराच्या कोपऱ्यावर गाडी बंद पडली. पुढे आम्ही पाच जणींनी ती ढकलत दारात आणली.

महिन्यापूर्वीच असे झाले होते. तेव्हा एका मेस्त्रीने "बॅटरी गेली" म्हणून नवी बॅटरी घालून दिली होती. आता म्हणाला, "ही बॅटरी खराब निघाली, दुसरी घ्या." पुतण्या शनिवारी पहाटे गावी गेला, तो रविवारी रात्री येणार. आणि सोमवारी सकाळी शेजारच्या आजींना बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात शेक घ्यायला न्यायचे होते. दुसरी गाडी मिळाली असती, पण तिचे भाडे त्या घराला झेपणारे नव्हते, आणि आम्ही शब्द दिला होता.

समोरचा आयटीआयला शिकणारा मुलगा आपले मीटर घेऊन आला. म्हणाला, "काकू, बॅटरी म्हणजे रांजण. तो भरतो कोण, ते बघा ना." एवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 2016 साली आपल्या लातुरात काय झाले होते? घरोघरी रांजण, टाक्या, पिंपे सगळे शाबूत होते; येणारे पाणीच नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा भांडी भरली. त्या वेळी कुणी नवा रांजण विकत आणला असता, तर त्याला आपण काय म्हटले असते? आम्ही महिन्यापूर्वी तेच केले होते.

मोटारीत हे पाणी भरणारे यंत्र म्हणजे अल्टरनेटर. पिठाच्या गिरणीत जसा पट्टा असतो, तसा इंजिनाचा पट्टा याला फिरवतो. आत तारांच्या गुंडाळ्यांजवळ लोहचुंबक फिरले की वीज निघते. फॅरेडे नावाच्या साहेबाने 1831 साली हे दाखवून दिले. ही वीज उलटसुलट धावणारी असते. आतले डायोड तिला एका दिशेला लावतात, आणि रेग्युलेटर तिचा जोर बेताचा ठेवतो. जुन्या अँबॅसिडरमध्ये याच्या जागी डायनामो असे.

बॅटरी रात्रभर दुकानात चार्ज करून आणली. शनिवारी सकाळी गाडी बंद असताना मीटर लावले, 12.6 व्होल्ट. म्हणजे रांजण चांगला. गाडी चालू केली. आता आकडा चढून साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवा. तो 12.3 वर आला, दिवे लावताच 11.9, आणि खाली खालीच. भरणे शून्य, उपसा चालू!

यजमान खाटेवरून म्हणाले, "चालू गाडीत बॅटरीची तार काढून बघ. बंद पडली तर अल्टरनेटर गेला." ही जुन्या ड्रायव्हर लोकांची पद्धत. मुलगा ओरडलाच, "काका, नको! व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड जळतील, गाडीतला कंप्युटर जाईल." मीटर असताना तो उद्योग कशाला? हे थोडे रागावले, पण ऐकले.

तरीही लगेच अल्टरनेटरवर दोष ठेवला नाही. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, घट्ट होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी हिरवी बुरशी जमली होती, ती पुसली. मग मीटरचे टोक अल्टरनेटरच्या जाड तारेवरच लावले. तिथे चौदा आणि बॅटरीवर बारा असते, तर दोष मधल्या तारेचा. दोन्हीकडे बाराच्या खाली. चावी फिरवल्यावर तांबडा दिवा लागत होता, म्हणजे त्याला चेतवणारी बारीक तारही जिवंत होती. आता संशयाला जागा राहिली नाही. मुलगा कामावर गेला. पाना माझ्या हातात आला.

इथे माझी चूक सांगते. उत्साहाच्या भरात मी थेट त्या जाड तारेच्या नटाला पाना लावला. पाना शेजारच्या लोखंडाला टेकला आणि चर्रकन ठिणगी उडाली. पान्याला खड्डा पडला, तो अजून आहे. ती तार सदैव बॅटरीशी जोडलेली असते. म्हणून आधी बॅटरीचे वजा टोक सोडायचे, आणि ते सर्वांत शेवटी जोडायचे. त्या ठिणगीनंतर मी हातातली पाटली आणि गळ्यातले मंगळसूत्र काढून देव्हाऱ्यात ठेवले. सासूबाई दारात उभ्या. "काय करायलीस ग हे? नवरा जिता हाय, आन् गळा मोकळा!" मी त्यांना पान्याचा खड्डा दाखवला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आतून काळ्या दोऱ्यात ओवलेले दोन मणी आणून माझ्या गळ्यात बांधले. "ह्येला तर इजेचं भ्याव नाही ना?" दोऱ्याला कसले भय!

पट्टा सैल करून, खालचा वरचा बोल्ट काढून अल्टरनेटर बाहेर आला. पाट्याच्या वरवंट्याहून जड. नांदेड रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवला. आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, आणि एक डायोडही मेलेला. दुरुस्तीला तीन दिवस म्हणाला. म्हणून जुना देऊन दुरुस्त केलेला दुसरा घेतला. त्याने दिलेला पहिला मी परत केला, कारण पुलीवरच्या खाचा मोजल्या तर एक कमी. कुकरची रबरी रिंग आणताना आपण जुनी सोबत नेतो, तसेच हे. बोल्टची भोके, खाचा, प्लग, सगळे शेजारी ठेवून ताडून पाहावे. दुकानदार हसला, पण बदलून दिला.

बसवताना पट्टा ताणणे मात्र फार त्रासाचे झाले. एका हाताने लोखंडी दांड्याने ढकलायचे, दुसऱ्याने बोल्ट आवळायचा. शेवटी सासूबाईंनी दांडा धरला! पहिल्यांदा चालू करताच पट्टा किंचाळला, पुन्हा ताणला. फार ताणला तर आतले बेअरिंग जाते, म्हणून बेतानेच.

मीटर लावले, 14.2. दिवे, पंखा सगळे चालू केले तरी 13.8. तांबडा दिवा विझला. यजमानांनी तीनदा आकडा वाचायला लावला.

सोमवारी आजी बार्शीला जाऊन शेक घेऊन आल्या. त्यानंतरच्या सगळ्या खेपा त्याच गाडीने झाल्या. रात्री मी मंगळसूत्र पुन्हा घातले. सासूबाईंचा काळा दोरा मीटरच्या डबीत ठेवला आहे.

ती डबी आज पिशवीत आणली आहे. अध्यक्षबाईंची गाडी बाहेर उभीच आहे आणि त्यांची परवानगी मी घेतली आहे. ज्यांना आकडा पाहायचा असेल त्यांनी चहा झाल्यावर बाहेर यावे. येताना बांगड्या तेवढ्या वर सारून घ्या.