भूल : श्वासातून की शिरेतून?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या मनात बहुधा दोनच प्रश्न असतात : ‘मला पुरती गुंगी येईल ना?’ आणि ‘नंतर जाग येईल ना?’ पहिला प्रश्न तो बोलून दाखवतो; दुसरा बहुतेक वेळा मनातच ठेवतो. भूल देण्याच्या शास्त्राचा सारा इतिहास या दोन प्रश्नांच्या उत्तरांचाच इतिहास आहे.

भूल देण्याचा जुना मार्ग श्वासाचा. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी एका रुग्णास ईथरची वाफ हुंगवली आणि त्याच्या मानेवरील गाठ वेदनेवाचून काढता आली. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला. तो वासाला गोड व परिणामाला जलद होता. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी, पायाचे नख काढण्यासारख्या क्षुल्लक कामासाठी क्लोरोफॉर्म दिला असता, काही क्षणांत मरण पावली. मृत्यू कशाने आला? श्वास थांबला म्हणून, की हृदय?

या वादाचे एक पर्व हैदराबादेत घडले. तेथील शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा, की लक्ष श्वासाकडे द्यावे, नाडीची चिंता करू नये. निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ व १८८९ मध्ये दोन चौकशी मंडळे बसली, प्राण्यांवर अनेक प्रयोग झाले, आणि निर्णय लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की भूल अर्धवट असतानाच क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडून ते बंद पडू शकते. म्हणजे श्वासही पाहिला पाहिजे आणि नाडीही. आणि धोका गाढ झोपेतच असतो असे नाही, तो उंबरठ्यावरही असतो.

जागृती आणि गाढ निद्रा यांमध्ये एक खळबळीची अवस्था असते. तीत रुग्ण हातपाय झाडतो, श्वास अडखळतो, वांती होण्याचे भय असते, स्वरयंत्र आवळले जाऊ शकते. ईथरने हा टप्पा मिनिटे मिनिटे लांबे. १९३४ मध्ये अमेरिकेत थायोपेंटोन हे औषध शिरेतून देण्यास आरंभ झाला आणि चित्र पालटले. हाताच्या शिरेतून औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे अर्ध्या मिनिटात रुग्ण झोपतो. उंबरठा ओलांडल्याचे त्याला कळतही नाही. १९८६ पासून प्रचारात आलेले दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल आज त्या जागी आहे. सशक्त प्रौढास वजनाच्या दर किलोग्रॅममागे साधारण दीड ते अडीच मिलिग्रॅम पुरते. वृद्धास त्याहून कमी.

मग श्वासाचा मार्ग निकामी झाला काय? मुळीच नाही. शिरेतून गेलेले औषध माघारी बोलावता येत नाही. त्याने रक्तदाब उतरतो, श्वास काही काळ थांबू शकतो, आणि टोचताना हाताला आगही होते. उलट, वायू फुप्फुसातून आत जातो तसाच बाहेरही पडतो. १९९० च्या सुमारास जपानात प्रचारात आलेला सेव्होफ्लुरेन घशाला झोंबत नाही. शेकडा आठपर्यंतच्या प्रमाणात तो हुंगवला तर प्रौढ माणूसही एकदोन मिनिटांत झोपतो, आणि बहुधा त्याचा स्वतःचा श्वास चालू राहतो. ज्याच्या शिरा सापडत नाहीत, किंवा ज्याला सुईचे अतोनात भय वाटते, त्याला हा मार्ग सोयीचा. मात्र तोंडावरील मुखवट्याने काहींचा जीव घुसमटतो, आणि जाग आल्यावर मळमळ व वांती यांचा त्रास या मार्गात अधिक आढळतो.

म्हणून प्रौढांत आज सामान्य रीत अशी, की झोपेचे दार शिरेतून उघडावे, आणि झोप टिकवावी ती वायूने किंवा त्याच औषधाच्या संथ धारेने. कोणता मार्ग कोणास, हे भूलतज्ज्ञाने रुग्ण पाहून ठरवावयाचे असते.

या निवडीत रुग्णाचाही वाटा आहे. पोट रिकामे आहे की नाही, कवळी आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, हे त्याने खरेखुरे सांगावे. घरात कोणास भुलेच्या वेळी एकाएकी भयंकर ताप चढला होता काय, हेही आठवून सांगावे. कारण काही कुटुंबांत हा दोष वंशपरंपरेने येतो, आणि अशा माणसास सेव्होफ्लुरेनसारखे वायू वर्ज्य असतात. संकोचाने लपवलेला चहाचा एक पेलादेखील गुंगीत पोटातून उलटून श्वासनलिकेत उतरू शकतो.

‘जाग येईल ना?’ हा प्रश्न मनात ठेवण्याचा नव्हे, विचारण्याचा आहे. श्रोतेहो, त्याचे उत्तर केवळ औषधात नसते. रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा प्रत्येक श्वास आणि नाडीचा प्रत्येक ठोका मोजणाऱ्या माणसाच्या सावधपणात ते असते, आणि रुग्णाने आदल्या दिवशी सांगितलेल्या सत्यातही असते.