‘मी’ आणि ‘च’
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कविता आणि गणित, दोन्हींना आपल्या गटातल्या बायका बिचकतात. मीही बिचकत होते. तरी आज या दोन्हींविषयीच बोलणार आहे.

१, १, २, ३, ५, ८. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. सहा ओळींत अक्षरे या हिशेबाने ठेवायची, जोडाक्षर एकच धरायचे. २००६ साली ग्रेगरी पिंकस या अमेरिकन लेखकाने हा प्रकार लोकप्रिय केला. फिबोनाची या इटालियन गणितज्ञावरून त्याला ‘फिब’ म्हणतात. फिबोनाचीचे पुस्तक १२०२ चे. आपल्याकडे विरहांकाने आणि सुमारे ११५० मध्ये हेमचंद्राने छंदांच्या मात्रा मोजताना हेच आकडे मांडले होते. लघू एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रा किती तऱ्हांनी भरतील? शेवटी लघू आला तर आधीच्या तीन मात्रांच्या तऱ्हा तीन. गुरू आला तर आधीच्या दोन मात्रांच्या दोन. एकूण पाच. जात्यावर ओवी रचणारीने असा हिशेब मांडला नसेल, पण लय तिच्या हातात होती.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई यायची. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. तिचा अर्ज मीच लिहिला, एम.एस.डब्ल्यू.ला शिकवलेल्या भाषेत : ‘अर्जदार महिलेचे म्हणणे असे की...’ अर्ज चोख होता, पण त्यात ती कुठेच नव्हती. ‘मन मोकळं करून लिहा’ म्हटले की बायका गप्प होतात, हा माझा नेहमीचा अनुभव. म्हणून गटाच्या बैठकीत तिला म्हटले, “ताई, एकच अक्षर सांगा.”

“मी.”

“आता आणखी एक.”

बराच वेळ गेला. मला वाटले, फसले सगळे. मग ती म्हणाली, “च.”

पुढचे तिने बोटांच्या पेरांवर मोजून केले :

मी
च
घर
बांधले
विटा वाहून
पाटीवर नाव त्यांचे

शेवटच्या ओळीत आधी ‘मात्र’ होते. दोन अक्षरे जास्त झाली. तिनेच ते काढले. म्हणाली, “ते न सांगता कळतंच की!”

कवितेने घर मिळत नाही. तिचा वाद अजून मिटलेला नाही. पण अर्ज नव्याने लिहायला बसलो, तेव्हा ‘अर्जदार महिलेचे’ एवढे लिहून होताच तिने माझा हात धरला.

“तसं नको, ताई. ‘घर मीच बांधलं’ असं लिहा. आणि तो ‘च’ खोडू नका.”